नीमानंतर माझा नंबर

मला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. एवढं साधं वाक्य, पण ते मोठ्यानं म्हणायला मला उपचार संपल्यावरही आठ महिने लागले. तोवर मी ‘गाठ’ म्हणत होते, ‘ते पोटाचं’ म्हणत होते, ऑफिसात तर ‘अल्सर’ म्हणत होते. आता लिहायला बसले आहे, कारण ही पहिली ओळ वाचून कुणीतरी बाई मान वर करून खोलीत दुसरं कोणी नाही ना, हे बघत असेल. हे तिच्यासाठी आहे.

निकालाचा दिवस

मी मूळची अकोल्याची. शतक बदलताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी बोंब झाली होती. त्या बोंबेनं माझ्यासारख्या बऱ्याच जणांना पुण्यात नोकरी दिली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. त्यात मी बरी होते. दहा वर्षांत पगार वाढला, विमानतळाच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, लग्न मोडलं. मूल नव्हतं. त्रेचाळिसाव्या वर्षी मी एकटी राहत होते आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती.

मधूनच रक्त जायला लागलं तेव्हा वाटलं, पाळी जायचं वय आलं. चार महिने तसंच काढलं. मग एका दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तपासणीला गेले, आणि दहा दिवसांनी निकाल आणायला पुन्हा अर्धी रजा.

डॉक्टरबाईंनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. “बरोबर कोण आलंय?”

“कोणी नाही.”

“कोणाला बोलवू या का?”

“नको. सांगा तुम्ही.”

त्यांनी सांगितलं. मग विचारलं, “याआधी ही तपासणी कधी केली होती?” माझ्या पर्समध्ये कंपनीचं विम्याचं कार्ड होतं. दरवर्षी फुकट तपासणी असायची. रक्त, लघवी, छातीचा फोटो, डोळे. बायकांच्या तपासणीचा एक वेगळा रकाना असे आणि तिथे मी दरवर्षी ‘लागू नाही’ लिहीत असे. लग्न उरलं नव्हतं. त्या अर्थानं स्वतःला बाई धरणं मी सोडूनच दिलं होतं.

“मी परत ऑफिसला जाऊ शकते का?” मी विचारलं.

“जाल ना. उपचार झाले, थोडी ताकद आली की...”

“तसं नाही. आत्ता. तीन वाजता बस आहे.”

मी तीनची बस पकडली. सात वाजेपर्यंत चार चुका शोधल्या, चारही नीट नोंदवल्या, आणि घरी येऊन दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या. एरवी मी एकच लावायची.

अल्सर

ते मंदीचं वर्ष होतं. दर शुक्रवारी आमच्या मजल्यावरचं कोणीतरी खोक्यात आपला मग आणि देवाचा फोटो भरून लिफ्टकडे जात असे. लांब रजा मागणाऱ्यांची नावं आधी जातात, अशी कुजबुज होती. म्हणून मी साहेबांना अल्सर सांगितला. सकाळी दवाखाना, साडेअकराला हजर, असं ठरलं. ते म्हणाले, “तिखट कमी करा, मॅडम.”

अकोल्याला फक्त दादाला सांगितलं. तो चार दिवस येऊन राहिला. सगळे पेपर वाचून काढले, नळाचे वॉशर बदलले, फ्रिजखाली पुठ्ठा घातला. आजाराचं नाव त्याच्याही तोंडून निघालं नाही. त्याच्या मुलीची बारावी होती, तो परत गेला. जाताना चपला घालत म्हणाला, “आईले सांगू नको. तिले झेपणार नाही.” मी मान हलवली. दार लावल्यावर मनात आलं, मला झेपणार आहे हे याला कोणी सांगितलं?

आईचा रोज संध्याकाळी आठला फोन यायचा. “जेवली का व?”

“हो.”

“काय केलं होतं?”

मी काहीतरी पदार्थ सांगायची. नुसत्या वासानं ओकारी यायची तेव्हाही मी तिला भरल्या वांग्यांचं वर्णन केलेलं आहे.

घरात रोज येणारं एकच माणूस होतं, लताबाई. येरवड्याच्या वस्तीतून सहा वर्षं धुण्याभांड्याला येत होत्या. त्यांनाही अल्सरच सांगितला होता.

मशीन क्रमांक दोन

उपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस शेक, म्हणजे किरणं, आणि दर सोमवारी सलाईनमधून औषध. शेकाच्या खोलीत तीन-चार मिनिटांचं काम. त्याच्याआधीचा पाऊण तास मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पोटाच्या शेकाला मूत्राशय भरलेलं लागतं. म्हणजे बाकीचे अवयव वर सरकतात, भाजत नाहीत. म्हणून आधी लघवीला जाऊन यायचं, मोजून पाणी प्यायचं आणि पाऊण तास धरून बसायचं. रोज. मशीन बंद पडलं तर ते चालू होईपर्यंत. कितीतरी शिकल्यासवरलेल्या बाया तिथे भिंतीकडे तोंड करून पाय आवळून बसलेल्या असायच्या.

मशीन क्रमांक दोनवर पानसे नावाचे तंत्रज्ञ होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “पाणी किती वाजता प्यायलात?”

“अर्धा तास झाला असेल.”

“असेल म्हणजे? बाहेर बसा. इथे अंदाजपंचे काही होत नाही.” आणि दार लावून घेतलं. दाराशेजारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता : ‘किती वेळ लागेल हे विचारल्याने वेळ कमी लागत नाही.’

मी बाहेर बसले. तेवढ्यात आतून हाक आली, “नीमा!” मी साडीतली, पंजाबी ड्रेसमधली कोणी उठते का ते बघत होते. उठली ती डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली, दाराच्या चौकटीएवढी उंच आफ्रिकन बाई. जाताना माझ्याकडे बघून हळूच इंग्रजीत म्हणाली, “माणूस वाईट नाही. पाणी मात्र खरंच मोजून प्या.”

नीमानंतर माझा नंबर असे. म्हणजे रोज पाऊण तास आम्ही शेजारी बसायचो. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. ती सावकाश बोलायची, मी अडखळत. पहिले दोन दिवस आम्ही फक्त पाण्याच्या बाटल्या एकमेकींना दाखवल्या. तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं. सव्वा तास झाला. नीमा कुजबुजली, “मला हसवू नकोस.” मी तर काहीच बोलले नव्हते. पण ती तसं म्हणाली आणि आम्हा दोघींना हसू फुटलं, आणि दोघींना संडासाकडे धावावं लागलं. परत पाणी, परत पाऊण तास. पानशांनी आमच्याकडे बघून म्हटलं, “सहल चांगली चाललीय.”

निकाल लागल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते.

नीमाचं काम

नीमा पूर्व आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठच्या जिल्ह्यात सरकारी नर्स होती. सरोवरात बेटं होती, बेटांवर मासेमारांची गावं. महिन्यातून दोनदा ती बोटीनं तिकडे जायची आणि बायकांची हीच, मी ‘लागू नाही’ लिहिलेली तपासणी करायची. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. पातळ केलेला व्हिनेगर कापसानं गर्भाशयाच्या मुखाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. डाग पांढरा उमटला की दुखणं सुरू होतंय असं समजायचं. लहान डाग तिथेच थंड उपकरणानं गोठवून टाकता येतो. मोठा असला तर शेक. आणि शेकाचं मशीन अख्ख्या देशात एका शहरात.

“रांग?” मी विचारलं.

“आठ महिने. आठ महिने हा आजार थांबत नाही.”

म्हणून त्यांचं सरकार काही थोड्या रुग्णांना परदेशी पाठवायचं. त्याची यादी राजधानीत एक समिती करायची. यादीत यायला ओळखपत्र, जन्माचा दाखला आणि समितीचा फोन आला की उचलणारं कोणीतरी लागायचं.

“तुझं नाव आलं ते बरं झालं,” मी म्हणाले.

ती म्हणाली, “माझ्याआधी रेहेमा होती.”

रेहेमा एका बेटावरच्या मासेमाराची बायको. वय एकोणचाळीस, पाच मुलं. तिचा आजार नीमानंच शोधला होता, स्वतःचा कळायच्या दोन महिने आधी. तिचा अर्ज नीमानंच भरला. तो परत आला : जन्माचा दाखला नाही, फोन नंबर नाही. नीमा दाखल्यासाठी खेटे घालत होती तेवढ्यात तिचं स्वतःचंच निदान झालं. तिच्याकडे सगळे कागद होते. समितीतले एक डॉक्टर तिला ओळखत होते. तिची फाईल तीन आठवड्यांत पुढे सरकली.

“मी नाही म्हणायला हवं होतं का?” तिनं मला विचारलं.

तुम्हाला याचं उत्तर येत असेल तर मला सांगा.

तोवर मला रोज वाटायचं की माझ्याएवढं एकटं कोणी नाही. नीमा रुग्णालयाजवळच्या एका लॉजच्या खोलीत राहत होती. खाली नाश्त्याच्या हॉटेलात गेली की बोलणं थांबे. रिक्षावाले तिला दुप्पट भाडं सांगत. तिचा नवरा वारला होता, सोळा वर्षांची मुलगी मावशीकडे होती. सबंध शहरात तिच्या ओळखीचं, तिच्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. तरी ती रोज सकाळी रुमाल नीट बांधून यायची. मी ऑफिसला जायचं म्हणून लिपस्टिक लावायची, आणि परत आल्यावर पुसायचीही ताकद नसायची.

फोन

माझे सोळा शेक झाले होते, तिचे अठरा. पाणी पिऊन झालं होतं. तिचा मोबाइल वाजला. तिच्या केंद्रातली दुसरी नर्स बोलत होती. नीमा उभी राहून ऐकत राहिली, दोन-तीन शब्द बोलली आणि बसली.

“रेहेमा,” ती म्हणाली. “काल. दोन दिवस रक्त थांबत नव्हतं. वाऱ्यामुळे बोट निघाली नाही.”

त्याच क्षणी आतून हाक आली, “नीमा!”

ती उठली नाही. पानसे दारात आले. मी त्यांना मराठीत सांगितलं काय झालंय ते. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “आज नको म्हणाल्या तर मी लिहून देतो. पण मधला दिवस बुडवू नये. त्यांना माहीत आहे, नर्स आहेत त्या.”

नीमा आत गेली. दोनच मिनिटांत पानसे पुन्हा बाहेर. “थरथरताहेत. असं मशीन चालू करता येत नाही. तुम्ही या.”

आत जायला मिळत नाही. पण बाहेर एक छोटी खोली असते, तिथे पडदा असतो, त्यावर आतलं दिसतं. नीमा त्या अरुंद फळीवर पडलेली होती. पोटावर निळ्या शाईच्या रेघा, हात छातीवर, सगळं अंग हलतंय. इतकी उंच बाई पडद्यावर बोटभर दिसत होती. पानशांनी माझ्यापुढे माईक सरकवला. “हे बटण दाबून बोला. दोन वाक्यं. भाषण नको.”

मला एकही इंग्रजी शब्द सुचेना. मी मराठीतच बोलले. “नीमा, मी इथंच आहे. आता हलू नकोस गं. मग रडू आपण.”

ती ऐकत होती हे दिसलं. तिनं वर, आवाज येतो त्या दिशेला, मान वळवली. मग डोळे मिटले. हात हळूहळू सैल झाले. पानशांनी मशीन चालू केलं.

ती बाहेर आली आणि माझा नंबर लागला. मी फळीवर पडले. दार लागलं, तो मोठा डोळा माझ्या अंगावर फिरायला लागला, आणि वरून तिचा आवाज आला. तिच्या भाषेत, तीन-चार वाक्यं. अर्थ मला कधीच कळला नाही. विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो, आणि ठरल्याप्रमाणे रडलो.

रविवारचा अर्ज

त्या रविवारी तिला घरी बोलावलं. मऊ भात आणि ताक, दोघींना तेवढंच पचत होतं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, “तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे. मला एक पत्र लिहायचंय.”

पत्र तिच्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना होतं. बेटांवर सापडलेल्या रुग्णांची नावं यादीत कशी जावीत याबद्दल. सोबत नवा अर्जाचा नमुना. ती सांगत होती, मी टाइप करत होते, आणि हळूहळू माझी जुनी सवय जागी झाली. मी चुका शोधायला लागले.

“फोन नंबर सक्तीचा का?”

“समितीला कळवायचं असतं.”

“ज्याच्याकडे फोन नाही तो तिथे काय लिहील?”

“काही नाही. अर्ज परत येईल.”

“मग तुमच्या केंद्राचा नंबर लिहू दे. जन्माचा दाखला कशाला?”

“माणूस तोच आहे हे कळायला.”

“ते तुला माहीत असतं ना? तू तपासलेलं असतंस.”

मग तिनं सांगितलं तसं मी लिहिलं : दाखला नसल्यास तपासणी करणाऱ्या नर्सची सही पुरावी. सगळ्या अर्जातलं हे एक वाक्य तिनं तीनदा वाचायला लावलं.

तेवढ्यात लताबाई भांड्यांना आल्या. नीमानं त्यांच्याकडे बघितलं, नर्स बघते तसं. “हिची तपासणी झालीय?”

“माहीत नाही.”

“वय? मुलं किती?”

सहा वर्षांत मी तेही कधी विचारलं नव्हतं. मी लताबाईंना विचारलं. अडतीस, चार मुलं, पहिलं सतराव्या वर्षी. नीमाला सांगितलं. ती लताबाईंकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

“रोज तुझ्या घरी येते ती,” ती म्हणाली. “बोटही लागत नाही.”

विचारते, असं मी म्हणाले. विचारलं नाही. लताबाईंना विचारायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण अल्सर होतं.

एकटीचे दिवस

माझ्या रक्तातल्या पेशी उतरल्या आणि शेक दोन आठवडे थांबले. तेवढ्यात नीमाचा उपचार पुरा झाला. ती निघाली त्या सकाळी आमच्या ऑफिसात परदेशातून आलेल्या ग्राहकांपुढे कामाचा आढावा होता आणि त्या शुक्रवारी पुन्हा खोकी दिसणार होती. मी तिला सोडायला मुंबईच्या विमानतळापर्यंत जाऊ शकले असते. गेले नाही. निघताना तिनं फोन केला. “पाणी मोजून पी,” एवढंच म्हणाली.

पुढचे नऊ शेक आणि नंतरचे आतले उपचार, म्हणजे गर्भाशयात नळी घालून दिलेले शेक, मी एकटीनं केले. शेजारच्या खुर्चीत रोज वेगळं माणूस असायचं. आतल्या उपचाराच्या आधी फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. मी म्हणाले, नातेवाईक अकोल्याला आहेत. पानसे तिथून जात होते. त्यांनी पेन घेतलं आणि ‘नाते’ या शब्दापुढे ‘परिचित’ लिहून सही केली. “उगाच गाडीभाडं कशाला,” म्हणाले आणि गेले.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. काही उरलेलं दिसत नव्हतं. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभी राहून मी फोन हातात घेतला आणि कोणाला करावा ते सुचेना. दादाला केला. तो “बरं झालं” म्हणाला आणि मग त्याला बोलता येईना. तेव्हा कळलं, नळाचे वॉशर बदलताना त्याचं काय चाललं होतं.

नोकरी राहिली. अल्सर कसा आहे, हे कोणी विचारलं नाही.

लताबाई

उपचार संपून आठ महिने झाले तेव्हा नीमाची ई-मेल आली. अर्जाचा नमुना तिच्या जिल्ह्यानं स्वीकारला होता. राजधानीनं आधी नाकारला, मग एका वर्षाच्या अटीवर चालू दिला. दाखल्याशिवाय, फोनशिवाय, फक्त तिच्या सहीवर एक बाई बेटावरून देशातल्या त्या एकमेव मशीनपर्यंत पोचली होती. रांग तेवढीच होती, मशीन अजूनही एकच होतं. पण ती बाई आता रांगेत होती. शेवटची ओळ अशी होती : ‘लताला विचारलंस?’

दुसऱ्या दिवशी लताबाई ओटा पुसत होत्या. मी मागे उभी राहून म्हणाले, “लताबाई, मला अल्सर नव्हता. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता.”

त्या वळल्या नाहीत. फडकं पिळलं. “मला ठाऊक हाय, ताई. तुमच्या चादरी कोण धूत हुतं?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी अल्सर म्हनत हुता. मी काय म्हनू?”

मी खालीच बसले, स्वयंपाकघराच्या फरशीवर. थोड्या वेळानं त्याही बसल्या. मग त्यांनी सांगितलं की त्यांना स्वतःला दोन वर्षं अंगावरून पांढरं जातंय, वास येतो, कंबर भरून येते. कोणाला दाखवलं नाही. नवरा म्हणतो, सगळ्याच बायकांना असतं.

गुरुवारी मी रजा घेतली, यावेळी रजेच्या कारणात खरं लिहिलं, आणि आम्ही महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. तिथली नर्स बावीस-तेवीसची होती. तिनं बाटलीतून कापूस भिजवला तेव्हा नुसत्या वासानं मला नीमाची आठवण आली. मी लताबाईंच्या उशाशी उभी होते. एक मिनिट. डाग उमटला. लहान होता. डॉक्टरांनी दुसऱ्या आठवड्यात बोलावून तो गोठवून टाकला. वीस मिनिटांत लताबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, “एवढंच?”

एवढंच. माझ्या बाबतीतही कधीतरी एवढंच असलं असणार.

त्यांना जड उचलायचं नव्हतं. चार दिवस भांडी मी घासली. पाचव्या दिवशी येऊन त्या म्हणाल्या, “कढई चिकट ठिवलीया.”

नीमाला सगळं लिहून कळवलं. तीही बरी आहे. तिला तपासणीला जायला बोट, बस आणि एक रात्र रुग्णालयाच्या बाकावर लागते. मला रिक्षानं पंचवीस मिनिटं. एकच मशीन, एकच आजार, आणि घरी गेल्यावर एवढा फरक. ती त्याबद्दल तक्रार करत नाही, नवे अर्ज करते. आमची पुन्हा भेट झालेली नाही. तिचं पत्र महिनोन्महिने आलं नाही की मी घाबरते, आणि घाबरले हे सांगायला जवळपास कोणी नसतं. त्यावर औषध मला सापडलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी दार वाजलं. लताबाईंच्या मागे त्यांच्या गल्लीतल्या चार जणी उभ्या होत्या, पदर सावरत, एकमेकींना पुढे ढकलत. “ताई, यास्नी इचारायचं हाय,” लताबाई म्हणाल्या. मी सगळ्यांना आत घेतलं, चहा केला. दुखतं का, किती वेळ लागतो, नवऱ्याची सही लागते का, तपासणारी बाईच असते ना, असं एकेक येत गेलं. मी सांगत गेले, आजाराचं नाव घेऊन, जसं झालं तसं. गुरुवारी सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं.

उठताना त्यांच्यातली सगळ्यात लहान, पंचविशीची, तिनं विचारलं, “ताई, निकाल सांगितला तवा तुमच्यासंगं कोण हुतं?”

“कोणी नव्हतं,” मी म्हणाले. “मी कोणाला सांगितलंच नव्हतं. तू घरी सांगून ये.”